हिरड्यांच्या खिशातला पीजी ऑक्सिजन ओळखतो कसा? आणि पेरॉक्साइडच्या प्रयोगात आकडे का हलतात?

खाजन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या दंतवैद्यक आणि मायक्रोवाल्यांसाठी धागा काढतोय, बाकीच्यांनीही बिनधास्त लिहा.

पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा पायोरियाचा जिवाणू (पुढे नुसतं पीजी) पुस्तकात ऑक्सिजन न चालणारा, म्हणजे कट्टर अ‍ॅनरोब म्हणून येतो. पण ऑक्सिजन काढलेल्या बंद जारमधून काढलेली प्लेट तासभर टेबलावर राहिली तरी त्यातला पीजी मरत नाही, परत जारमध्ये घातली की वाढायला लागतो. तर प्रश्न असे:

१. पायोरियाच्या खिशात (दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटीत) ऑक्सिजन असतो तरी किती?
२. ऑक्सिजन आलाय हे पीजीला कळतं कशानं? ई. कोलायचं ऑक्सीआर हे जनुकं चालू करणारं प्रथिन उचलून तसंच्या तसं लावायचं का?
३. पीजीचा डब्ल्यू८३ स्ट्रेन, माध्यम बीएचआय ब्रोथ + यीस्ट एक्स्ट्रॅक्ट + सिस्टीन, ओडी (कल्चरच्या गढूळपणाचा आकडा) ०.६ ला ०.२५ मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, १५ मिनिटं, मग आरएनए काढून जनुकं किती चालू झाली ते मोजतो. एएचपीसी जनुक (पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमाचं) कधी भरपूर वर जातं, कधी जेमतेम. त्याहून वाईट म्हणजे कंट्रोलच्या नळीतही वर चढलेलं दिसतं. घोळ कुठे असावा?

---

आबोली

पहिल्याचं उत्तर देते. शून्य नसतो. उपचार न झालेल्या खिशांत १९८४ मध्ये मोजमाप झालं होतं: ऑक्सिजनचा दाब ५ ते २७ मिमी पारा, सरासरी १३.३. तोंडातल्या दमट, ३७ अंशांच्या हवेत तो १५० च्या आसपास असतो. म्हणजे खिशात हवेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, पण आहे. विरघळलेला ऑक्सिजन म्हणून हिशेब केला तर साधारण १८ मायक्रोमोलर. सिगरेट ओढणाऱ्यांच्या खिशात आणखी कमी सापडतो.

तो खाली राहतो कारण खाणारे पुष्कळ. वरच्या थरातले स्ट्रेप्टोकॉकस खातात, आणि हिरडीतून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी सुपरऑक्साइड बनवायला वापरतात. त्यामुळे पीजीच्या वाट्याला ऑक्सिजन कमी आणि त्यापासून झालेलं विष जास्त, असा प्रकार आहे. प्रयोग आखताना हे डोक्यात ठेवा.

रेडॉक्स पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याचा कल, मिलिव्होल्टमध्ये) ही वेगळी गोष्ट, त्याची यात सरमिसळ नको. स्वच्छ केलेल्या दातावर नव्यानं साचणाऱ्या थरात ते अधिक २०० मिलिव्होल्टच्या वरून आठवड्याभरात उणे १४१ पर्यंत उतरतं. ऑक्सिजन जवळपास तेवढाच असूनही सल्फाइड आणि थायॉल वाढले की हा आकडा खाली जातो.

---

कुळागर

दुसरा प्रश्न. आधी एक गोष्ट वेगळी काढू: ऑक्सिजनने वाढ *थांबणं* आणि जिवाणू *मरणं*.

वाढ थांबते ती लोह-गंधकाच्या एन्झाइमांमुळे. पायरुव्हेट-फेरेडॉक्सिन ऑक्सिडोरिडक्टेज आणि फ्युमरेज यांच्या पोटात लोह-गंधकाचे गठ्ठे असतात. ऑक्सिजन किंवा सुपरऑक्साइड लागला की त्यांतून लोह सुटतं आणि एन्झाइम बंद पडतं. पीजीच्या चुलतभावात, आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्समध्ये, हे छान दाखवलेलं आहे. आणि हवा काढून घेतली की बऱ्याच अंशी दुरुस्तीही होते. टेबलावरची प्लेट वाचते ती यामुळे. मरण येतं ते पेरॉक्साइड आणि सुटलेलं लोह एकत्र येऊन डीएनए तोडायला लागले की.

आता ओळखण्याबद्दल. ई. कोलायमध्ये कामं वाटलेली आहेत. एफएनआर थेट ऑक्सिजन ओळखतं: त्याचा चार लोहांचा गठ्ठा फुटून दोन लोहांचा होतो आणि प्रथिन डीएनए सोडून देतं. ऑक्सीआर ऑक्सिजन ओळखतच नाही, ते पेरॉक्साइड ओळखतं. त्यातलं १९९ क्रमांकाचं सिस्टीन आणि २०८ क्रमांकाचं सिस्टीन यांच्यात डायसल्फाइड बंध जुळतो, आकार बदलतो, जनुकं चालू होतात. त्याला पेशीत ०.१ ते ०.२ मायक्रोमोलर एवढंसं पेरॉक्साइड पुरतं.

पीजीमध्ये ऑक्सीआर आहे. एएचपीसी-एफ आणि डीपीएस ही बचावाची जनुकं त्याच्या ताब्यात येतात, आणि ऑक्सीआर काढून टाकलेला म्युटंट थोड्या ऑक्सिजनमध्येही रखडतो. पण सगळी सूत्रं त्याच्याकडे नाहीत. सिगएच नावाचा सिग्मा घटक (कुठली जनुकं वाचायची ते ठरवणारं प्रथिन) ऑक्सिजनच्या संपर्कात वाढतो. आरपीआरवाय हा जोडीदार-सेन्सर नसलेला रेग्युलेटर ऑक्सिडेटिव्ह ताणात भाग घेतो. एफएनआरच्याच घराण्यातलं पीजीआरएसपी रेडॉक्स ओळखतं. त्याच घराण्यातलं एचसीपीआर मात्र नायट्रिक ऑक्साइडसाठी आहे, त्याला यात ओढू नका.

म्हणून पेरॉक्साइड टाकून मिळालेली जनुकांची यादी 'ऑक्सिजनला प्रतिसाद' म्हणून छापणं चूक. दोन याद्या काही ठिकाणी जुळतात, सगळीकडे नाही.

---

पोदेर

पीजीला कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) नाहीच ना? मग पेरॉक्साइडचं करतो काय?

---

कुळागर

@पोदेर, नाहीच. पण बाकी फौज आहे. सुपरऑक्साइडसाठी सुपरऑक्साइड डिसम्युटेज (एसओडी), जे लोह किंवा मँगनीज दोन्हींवर चालतं. पेरॉक्साइडसाठी रुब्रेरिथ्रिन, एएचपीसी-एफ, थायॉल पेरॉक्सिडेज. मोकळं लोह कोंडून ठेवायला डीपीएस. आणि आलेला ऑक्सिजन सरळ पाणी करून टाकायला सायटोक्रोम बीडी ऑक्सिडेज. हे काढलं की पीजीची ऑक्सिजन सोसण्याची ताकद घटते.

यांत कोण किती मोलाचं ते एसओडीवरून कळतं. १९९४ मधलं काम आहे: साधा पीजी हवेत पाच तास ठेवला तरी जिवंत पेशी घटत नाहीत, एसओडी नसलेला मात्र हवा लागताच भराभर मरतो. खाजनबाब, तुमच्या टेबलावरच्या प्लेटचं कोडं इथं सुटतं.

---

रेंदेर

सगळे प्रथिनांच्या मागे लागलेत, काळ्या रंगाकडे कुणी बघेना!

रक्ताच्या प्लेटवर पीजीची वसाहत आधी पांढुरकी-पिवळसर असते, मग कडेकडून तपकिरी होत आठवडा-दहा दिवसांत काळी पडते. तो काळा रंग हेमचा, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोह असलेल्या रेणूचा: दोन हेम रेणू मध्ये एका ऑक्सिजनचा पूल घेऊन जोडलेले. जिंजिपेन एन्झाइमांनी हिमोग्लोबिन फोडून काढलेलं हेम पेशीच्या पृष्ठभागावर असं रचलेलं असतं. हा पूल बांधण्यातच ऑक्सिजन खर्च होतो, आणि तयार झालेला थर पेरॉक्साइडचं विघटनही करतो, म्हणजे कॅटालेजची थोडी उणीव तिथं भरून निघते. वर सायटोक्रोम बीडीलाही हेम लागतंच, आणि पीजी स्वतः हेम पूर्ण बनवू शकत नाही.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नात माझा पहिला संशय हेमिनवर, म्हणजे माध्यमात घालतात त्या हेमवर. तुम्ही माध्यमाची यादी दिलीत, त्यात हेमिन आणि व्हिटॅमिन के दिसलेच नाहीत! घालता ना?

हेमिन स्टॉक: ५० मिलिग्रॅम हेमिन १ मिलि. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये *पूर्ण* विरघळवायचं, मग पाण्यानं १०० मिलि. करायचं, १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. लिटरला १० मिलि. घातलं की ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. होतं. व्हिटॅमिन के१ ०.१५ मिलि. घेऊन ३० मिलि. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये; त्यातलं ०.२ मिलि. लिटरला. दोन्ही बाटल्यांना फॉइल गुंडाळा, फ्रीजमध्ये ठेवा, महिन्याला नवं करा.

बिघडतं ते इथं: लोक हेमिनवर आधी पाणी ओततात, मग अल्कली. ते गुठळ्या धरतं. पुढं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलं की अर्धं हेमिन फिल्टरवर काळं दिसतं आणि ब्रोथमध्ये किती उतरलं ते देवालाच ठाऊक. दोन खेपांत हेमिन वेगळं असेल तर पेरॉक्साइडचा तोच डोस एका खेपेला सोसतो, दुसऱ्या खेपेला मारतो.

---

खाजन

@रेंदेर, दोन्ही घालतो, ५ आणि १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. लिहायचं राहिलं. पण हो, हेमिन फिल्टरनंच जातं. बदलतो.

---

मानस

हेमिन असेलच, पण कंट्रोलची नळी वर चढते याचं कारण त्यानं लागत नाही. ते कारण सिस्टीन.

सिस्टीन घातलेल्या ब्रोथला हवा लागली की सिस्टीन आपोआप ऑक्सिडाइझ होतं आणि त्यात पेरॉक्साइड तयार होतं. हे १९७८ पासून माहीत आहे. म्हणजे तुम्ही कंट्रोलच्या नळीचं झाकण बाहेर उघडून पाणी टाकलंत तरी तिला पेरॉक्साइडचा डोस मिळतोच. ग्लुकोज आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केलं तरी तीच तऱ्हा. अगारचंही तेच: फॉस्फेट आणि अगार एकत्र शिजवू नका, वेगळे शिजवून ५० अंशांच्या आसपास मिसळा. ओतलेल्या प्लेटा उजेडात ठेवू नका.

मी असं करीन:

ब्रोथ उकळून, नायट्रोजन सोडत गार करून चेंबरमध्ये (ऑक्सिजन नसलेल्या बंद पेटीत) नेणं. त्यात लिटरला १ मिलिग्रॅम रेझाझुरिन हा ऑक्सिजन दाखवणारा रंग. गुलाबी असेपर्यंत हात लावायचा नाही; रंग पूर्ण गेला की पोटेन्शियल साधारण उणे १०० मिलिव्होल्टच्या खाली आलेलं असतं. प्रयोगाच्या आदल्या रात्री ब्रोथ आत.

पेशी ओडी ०.५-०.६ ला आल्या की चेंबरमध्येच खाली बसवून, *सिस्टीन नसलेल्या* आधीच हवा काढलेल्या ब्रोथमध्ये घ्यायच्या. आत सेंट्रिफ्यूज नसेल तर रबरी बूच आणि अ‍ॅल्युमिनियम सील असलेल्या नळ्यांतून बाहेर फिरवून परत आत.

पेरॉक्साइडची बाटली ३० टक्के म्हणते, ती उघडून वर्ष झालं असेल तर तीस राहिलेली नसते. ताजी असेल तर साधारण ९.८ मोलर. १०२ मायक्रोलिटर घेऊन १० मिलि. केलं की १०० मिलिमोलर. ते दहापट पातळ करून २४० नॅनोमीटरवर मोजा: ०.४३६ यायला हवं. ०.३ आलं तर त्या हिशेबानं डोस वाढवा किंवा बाटली बदला. १० मिलि. कल्चरला १०० मिलिमोलरचे २५ मायक्रोलिटर म्हणजे तुमचं ०.२५. पातळ करायचं पाणीही हवा काढलेलंच हवं.

तीन नळ्या ठेवा, दोन नव्हे. एक पेरॉक्साइडची, एक तेवढ्याच पाण्याची, आणि एक जिला कुणी हातच लावला नाही. दुसरी आणि तिसरी यांच्यात फरक दिसला तर दोष तुमच्या हाताळणीत आहे, तो निस्तरल्याशिवाय पुढं जायचं नाही. हवं तर चौथ्या नळीत कॅटालेज घाला. तिच्यातला प्रतिसाद मावळला तर तो पेरॉक्साइडचाच होता हे पक्कं.

आणि १५ मिनिटं संपल्यावर नळी बाहेर काढून १० मिनिटं गार सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली तर तुम्ही २५ मिनिटांचा आरएनए मोजताय, तोही हवेतला. स्थिरक द्रव (आरएनए आहे तसा थांबवणारा) दुप्पट आकारमानानं चेंबरच्या आतच ओता, मग बाहेर काढा.

---

खाजन

देव बरें करूं, मानस. स्थिरक बाहेर घालत होतो, तेही सुधारतो.

पण कुळागर म्हणतात तसं पेरॉक्साइड म्हणजे ऑक्सिजन नव्हे. मग बऱ्याच जणांसारखं ६ टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवावं का?

---

मानस

६ टक्के म्हणजे दमट वायूत ४३ मिमी पारा. आबोलीबाईंचे आकडे वर वाचा, खिशाचं वरचं टोक २७ आहे. ६ टक्क्यांवर पीजी टिकतो हे खरं, पण तो खिसा नव्हे. २ टक्के घ्या, ते १४ मिमी होतं.

सिलिंडर मागवताना २ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन असं लिहून द्या. *हायड्रोजन नको*. नेहमीच्या अ‍ॅनरोब मिश्रणात ५-१० टक्के हायड्रोजन असतो, तो जारमधल्या पॅलेडियम या उत्प्रेरकावर ऑक्सिजनशी जुळून पाणी होतो. जारमध्ये पॅलेडियमची पिशवी राहून गेली आणि हायड्रोजन असला, तर तुम्ही घातलेले २ टक्के अर्ध्या तासात गायब. शिवाय हायड्रोजन आणि ऑक्सिजन मुद्दाम एकत्र करायचं कुणी सुचवलं तर त्याला लॅबबाहेर बसवा.

कार्बन डायऑक्साइड मात्र सोडू नका. ऑक्सिजन जास्त आणि कार्बन डायऑक्साइड नाही, अशा स्थितीत पीजी एकटा तग धरत नाही.

दुसरी फसगत: वायू २ टक्के आहे म्हणून ब्रोथमध्ये तेवढा ऑक्सिजन आहे असं नाही. दाट कल्चर उभ्या नळीत ठेवलंत तर वरचा थर सगळा खाऊन टाकतो, तळाला शून्य. २-३ मिमी खोलीचा पातळ थर, हलकं हलवणं, ओडी ०.२ च्या खाली. ऑप्टिकल सेन्सरचा ठिपका चिकटवून *द्रवातला* ऑक्सिजन मोजता आला तर उत्तमच.

---

सुंगट

समुद्रवाला आहे, जरा आडवाटेनं. कांदोळीसमोर साधारण २७ मीटर खोलीवर एनआयओची (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची) मंडळी वर्षानुवर्षं पाणी मोजतात. पावसाळ्यात तळाचा ऑक्सिजन उतरत जातो, मग तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नायट्रेटही संपलं की सल्फाइड येतं. खिशातले जिवाणूही असे पायऱ्या उतरतात का?

---

कुळागर

@सुंगट, पीजी नाही उतरत. तो अमिनो आम्लांच्या किण्वनावर जगतो. पण अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर (एए) हा खिशातला दुसरा रोगजंतू उतरतो. तो ऑक्सिजन असला तर तो वापरतो, नसला तर नायट्रेट, आणि हे बदल एफएनआर आणि एआरसी-ए/बी ही नियामक प्रथिनं सांभाळतात.

एएची शेजाऱ्याशी वागणूक तर बघण्यासारखी. स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय ऑक्सिजन वापरून पेरॉक्साइड सोडतो, पण लॅक्टेटही देतो, आणि एएला लॅक्टेट हवंच असतं. मग एए कॅटालेज तर वाढवतोच, शिवाय डिस्पर्सिन-बी एन्झाइमनं स्वतःची बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) सैल करून ४ मायक्रॉनपेक्षा थोडं लांब सरकतो. जेवणाच्या टप्प्यात, विषाच्या टप्प्याबाहेर. २०१६ मध्ये असंही दाखवलं गेलं की गॉर्डोनाय सोबत असला की संसर्गात एए ऑक्सिजनवर श्वास घ्यायला लागतो आणि जास्त घातक होतो. म्हणजे या एका रोगजंतूपुरतं तरी, खिशात ऑक्सिजन आला की बरं झालं, हे समीकरण चालत नाही.

पीजीसाठी शेजाऱ्याचं काम फ्युजोबॅक्टेरियम हा जिवाणू करतो: तो ऑक्सिजन खातो, कार्बन डायऑक्साइड देतो आणि पीजीला अंगाला चिकटवून घेतो. मानस म्हणाले ती कार्बन डायऑक्साइडची अट फ्युजो सोबत असला की ढिली पडते. नुसत्या पीजीवरचे ऑक्सिजनचे आकडे तोंडाला लावताना हा शेजारी विसरू नका.

---

पोदेर

बेसिक प्रश्न. केमिस्टकडच्या पेरॉक्साइडनं चूळ भरली तर हे सगळे मरायला नकोत का?

---

आबोली

फेस येतो तो बघून लोकांना वाटतं काम झालं. तो फेस म्हणजे तुमच्या रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेजनं पेरॉक्साइड मोडल्याचा पुरावा! सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीत ते लगेच मोडतं. शिवाय चूळ हिरडीच्या कडेखाली जेमतेम जाते. ६ मिमीच्या खिशाच्या तळाला ती पोचत नाही. बाटलीतलं ३ टक्के न पातळता रोज वापरलं तर तोंडाची आतली त्वचा मात्र जळते. डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर निम्मं पाणी घालून १.५ टक्के, आणि सांगितले तेवढेच दिवस.

खिशातलं वातावरण खरं बदलतं ते किटण आणि बायोफिल्म हातानं खरवडून काढल्यावर. सूज उतरते, खिसा उथळ होतो, ऑक्सिजन खाणारे घटतात. पण जिवाणू परत येतात, म्हणून खोल खिसे असलेल्यांना दर तीन महिन्यांनी बोलावतो. तंबाखू चालूच असेल तर या सगळ्याचा गुण कमी येतो.

औषधाचंही ऑक्सिजनशी नातं आहे. मेट्रोनिडॅझोल स्वतः निष्क्रिय असतं. अ‍ॅनरोबच्या आत पायरुव्हेट-फेरेडॉक्सिनच्या वाटेनं इलेक्ट्रॉन मिळाला की ते विषारी होतं, आणि ऑक्सिजन असला तर तो इलेक्ट्रॉन परत हिसकावतो. म्हणून पीजीवर ते चालतं, एएवर एकटं पुरत नाही, आणि अमॉक्सिसिलिनची जोड देतात. ती कधी द्यायची हे तपासून ठरतं. पणजीच्या दुकानातून पट्टी आणून पोटात ढकलण्यातला प्रकार नव्हे.

---

खाजन

शेवटचं. स्ट्रेनऐवजी रुग्णांचे नमुने घ्यायचे झाले तर? काणकोण आणि पेडण्याच्या शिबिरांतून बांबोळीच्या लॅबपर्यंत आणायचे आहेत.

---

आबोली

कापसाचे रोल लावून जागा कोरडी करा. हिरडीच्या *वरचा* थर क्युरेटनं काढून टाका, नाहीतर सगळे स्ट्रेप्टोकॉकसच हाती लागतील. निर्जंतुक पेपर पॉइंट (टोकदार कागदी काडी), ३० ते ४० नंबर, खिशाच्या तळापर्यंत हळूच, १० ते २० सेकंद. रक्तानं भिजला तर तो टाका, दुसरी जागा घ्या. लगेच आरटीएफच्या (नमुना नेण्याच्या द्रवाच्या) कुपीत. डीटीटी असलेला तो द्रव ऑक्सिजन आवरतो.

बर्फात ठेवू नका. गार द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि थंडीनंही काही अ‍ॅनरोब जातात. खोलीचं तापमान, कुपी काठोकाठ, आणि त्याच दिवशी प्लेटवर. जनुकांचा *प्रतिसाद* मोजायचा असेल तर आरटीएफ नको, पेपर पॉइंट थेट स्थिरक द्रवात. प्रवासात जनुकं बदलतात, मग तुम्ही खिशाऐवजी गाडी मोजाल.

---

मानस

आणि प्रत्येक नमुन्याची एक प्लेट बाहेर साध्या इनक्युबेटरमध्येही ठेवा. जारमधली वसाहत तिथंही उगवली तर तो पीजी नव्हे, कितीही काळी दिसो.

जारबद्दल एक, पावसाळा आलाय म्हणून. पॅलेडियमची पिशवी दमट झाली की हायड्रोजन-ऑक्सिजन जुळणं मंदावतं, आणि पीजीचा सल्फाइड तिला विषासारखा लागतो. प्रत्येक वापरानंतर १६० अंशांवर दोन तास भाजा. दोन पिशव्या ठेवा: एक जारमध्ये, एक ओव्हनमध्ये. सोबतची ओल दाखवणारी सिलिका निळी असेल तेव्हाच भरोसा. ऑक्सिजन असेतो निळी राहणारी मिथिलीन ब्लूची पट्टी काही तासांत पांढरी झाली नाही तर जार उघडा, बूच आणि रिंग तपासा, पिशवी बदला. "रात्रभरात होईल" म्हणून सोडू नका. आणि प्लेटा उलट्या ठेवा, झाकणाला आतून फिल्टर पेपरची चकती लावा. जुलैत इथं एवढं पाणी सुटतं की वसाहती एकमेकींत वाहून जातात आणि मोजायला काही उरत नाही.

---

खाजन

चकती आजच कापतो. २ टक्क्यांच्या सिलिंडरचा भाव कुणाला ठाऊक असेल तर व्यनि करा, वेर्णा किंवा मडगावचा पुरवठादार चालेल.